पाण्यापासून जपा

साहेब, आरोप सरळ आहे: पाणी कुठून येतं हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पाणी वरून खाली येतं, हे एक गंभीर सत्य आहे आणि तुमच्या खात्याने त्याला आजवर लेखी हरकत घेतलेली नाही. खात्याचं म्हणणं एवढंच, की खाली येताना ते कोणाच्या हद्दीतून आलं हे आधी ठरलं पाहिजे. यात वावगं काहीच नाही. हद्द ठरल्याशिवाय पुसायचं कोणी?

ज्यांनी आमचं पार्सल खातं पाहिलेलं नाही (असे लोक नसावेत, पण असल्यास) त्यांच्यासाठी सांगतो. आवाराच्या मधोमध एक मोठी शेड आहे. तिच्या भिंती पन्हळी पत्र्याच्या. शेडमध्ये माल राहतो. ती एक थेंब गळत नाही, कारण माल भिजला तर खात्याला भरपाई द्यावी लागते. शेडच्या लांब भिंतीला टेकवून उतरत्या छपराची एक पडवी काढलेली आहे. पडवीत, माल निवडणाऱ्या बायकांची तान्ही पोरं राहतात. पोर भिजलं तर भरपाई द्यावी लागत नाही. दोन्ही बांधकामांतला फरक तुमच्या लक्षात आलाच असेल.

माझी धाकटी बहीण तिथे माल निवडते. तिची पोरगी ढमी (पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण तिच्याकडे पाहिल्यावर ते कोणाला आठवत नाही) त्या पडवीत असते. पडवी नसेल तर ढमीला जागा नाही, आणि ढमीला जागा नसेल तर बहिणीला काम नाही. घर कशावर चालतं ते मी सांगत बसत नाही.

पडवीचं उद्घाटन फार देखणं झालं. साहेब भाषणात म्हणाले, "आईचं मन कामात, मूल सावलीत." त्या दिवशी कडक ऊन होतं, त्यामुळे ते खरंही होतं.

मग वाऱ्याचा पाऊस आला. तो तिरका येऊन शेडच्या भिंतीवर आपटला, भिंतीवरून ओघळला, आणि पडवीचं छप्पर भिंतीला जिथे भेटतं तिथल्या बोटभर फटीतून थेट पाळण्यांवर उतरला. तक्रार गेली. भिंत माल विभागाची, छप्पर कल्याण विभागाचं. माल विभागाने कळवलं, आमची भिंत उत्तम आहे. कल्याण विभागाने कळवलं, आमचं छप्पर उत्तम आहे. दोघंही खरं बोलत होते. खात्यातून एका दिवसात एवढं खरं बाहेर पडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. राहिली फट. फट ही वस्तू नाही, वस्तूचा अभाव आहे. आणि दुरुस्ती विभाग जे आहे तेच दुरुस्त करतो, नाही ते नाही.

तरीही खात्याने मोठ्या मनाने दोन उपाय केले.

पहिला सिमेंटचा. सिमेंटचा स्वभाव खात्यातल्या माणसांसारखा असतो. एकदा बसलं की हलत नाही. पत्रा उनाड. उन्हात पसरतो, गारव्यात आकसतो. थोड्याच दिवसांत सिमेंट तडकलं आणि ढेकळं पाळण्यात आली. अहवालात लिहिलं गेलं: "सिमेंटचे काम चोख. पत्र्याची वर्तणूक समाधानकारक नाही."

दुसरा उपाय पट्टीचा. सांध्यावर पत्र्याची वाकवलेली पट्टी ठोकायची, तिची खालची बाजू छपरावर झाकणासारखी आणायची आणि वरची कड भिंतीला सिलिकॉनने चिकटवायची. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच, की भिंत पन्हळी, म्हणजे उंचवटा, खळगा, पुन्हा उंचवटा, पुन्हा खळगा. आणि नियमातली पट्टी सरळ. सरळ पट्टी उंचवट्यांना टेकली आणि खळग्यांपाशी अधांतरी राहिली. कामाच्या अटीत लिहिलं होतं, "पट्टी भिंतीस जेथे टेकेल तेथे सिलिकॉन भरावे." तिथे भरलं. अगदी लोण्यासारखं भरलं. आता पाणी उंचवट्यावरून वाहत नाही, खळग्यातूनच वाहतं, ही पाण्याची खासगी बाब झाली.

पोरं सांभाळणाऱ्या मावशी खालून बघत होत्या. "अहो, भोकं तशीच राहिली की! दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसतंय."

"जिथे टेकलंय तिथे लावलंय, मावशी," पट्टीवाला शिडीवरून म्हणाला. "मध्ये नुसती हवा आहे. हवेला काय चिकटवू?"

"मग पट्टी खळग्याच्या आकाराने काप ना."

"कापीन की. पण वाकड्या पट्टीला दर नाही. आणि दर नाही ते काम मला दिसत नाही, माझी नजरच तशी आहे."

पाहणीला साहेब जातीने आले. पावसात छपराची पाहणी करायची नाही (पाय घसरतो) असा नियम असल्यामुळे ते स्वच्छ उन्हात आले, आणि पडवी कोरडी आढळली. साहेबांनी तृप्त मान हलवली. इतक्यात मावशी म्हणाल्या, "थांबा हं साहेब, जाऊ नका," आणि बाहेर जाऊन बादलीभर पाणी त्यांनी भिंतीवर उंच फेकलं. खळग्याखळग्यातून धारा लागल्या. त्यातली एक साहेबांच्या कॉलरमधून आत शिरली आणि कुठे गेली ते साहेबांनाच ठाऊक.

अहवाल दुसऱ्याच दिवशी आला. "गळती बादलीमुळे होत असल्याचे समक्ष दिसून आले. बादली ताब्यात घेण्यात आली आहे." (धारेखाली ठेवायला मावशींकडे तेवढी एकच बादली होती.) निघताना साहेब बायकांना हळू आवाजात म्हणाले होते, "पुन्हा तक्रार आली, तर पडवी धोकादायक ठरवून बंद करावी लागेल. तुमच्या मुलांच्या काळजीपोटीच, बरं का."

त्या दिवसापासून पडवी गळायची थांबली. पाणी पूर्वीइतकंच येत होतं, पण पडवी गळत नव्हती. तक्रारी शंभर टक्के घटल्या. सर्दी शंभर टक्के वाढली. खात्याने दोन्हींची सरासरी काढली आणि परिस्थिती स्थिर असल्याचं जाहीर केलं.

इथे माझ्या बहिणीने डोकं चालवलं. दिवसभर तिच्या हाताखालून खोकी जातात. काचेचं काही असलं की ती त्यावर स्टिकर मारते: "पाण्यापासून जपा", आणि खाली बाण, "ही बाजू वर". असा स्टिकर लागलेली वस्तू उघड्यावर दिसली, की ताबडतोब शेडच्या आत घ्यायची, असा खात्याचा कडक नियम आहे. बहिणीने एक स्टिकर ढमीच्या पाळण्याला मारला आणि पाळणा चाकांवर ढकलत शेडच्या दारात नेऊन ठेवला.

दारात वजनकाट्याचे काका बसतात. हाडाचे सरळ. आयुष्यात त्यांनी बायकोचं ऐकलं नसेल, पण स्टिकरचं ऐकलं नाही असं झालेलं नाही. त्यांनी चष्मा पुसला.

"काय माल आहे?"

"नाजूक आहे, काका."

"कुठे जायचाय?"

"संध्याकाळी घरी."

"पत्ता?"

"माझ्या कडेवरची जागा."

"पत्ता अपुरा आहे," काका म्हणाले. मग त्यांनी वाकून पाहिलं. "आणि बाण वर आहे, पण डोकं आडवं आहे."

"झोपलीये हो. उभी नका करू, आख्खी शेड डोक्यावर घेईल."

काकांनी स्टिकरकडे पुन्हा एकदा पाहिलं. स्टिकर तो स्टिकर. त्यांनी ढमीचं वजन केलं, पाळण्याला टोकन बांधलं, बहिणीच्या हातात दुसरं दिलं, आणि पाळणा नाजूक मालाच्या खालच्या कप्प्यात सरकवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या पोरांना स्टिकर लागले होते. मावशी दोन कप्प्यांच्या मध्ये स्टूल टाकून बसल्या. त्यांना काका म्हणाले, "तुम्हाला स्टिकर नाही." मावशींनी तोही लावून घेतला.

व्यवस्थेत किरकोळ त्रुटी होत्या. संध्याकाळी ढमी सकाळपेक्षा जड भरायची. "मालात वाढ झालीये," काका कपाळाला आठ्या घालून म्हणायचे. "दूध प्यायली हो," बहीण म्हणायची. "मग आत येताना दूध वेगळं सांगत जा." एकदा ढमीच्या पाळण्याखाली ओल दिसली. काका घाबरले, मग त्यांनी नियम उघडला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "स्टिकर बाहेरून येणाऱ्या पाण्यापुरता असतो. आतून आलेल्या पाण्याला पाठवणारा जबाबदार."

"पाठवणारी मीच, काका. आणा इकडे."

पण पोरं कोरडी होती. वाऱ्याचा पाऊस आला आणि गेला, आणि एकाही पोराला शिंक आली नाही. शेड खरोखरच उत्तम आहे, हे मी तिच्या बाजूने सांगतो.

उत्तम गोष्टी खात्याच्या नजरेतून सुटत नाहीत. साहेबांनी भर पावसात (आपल्या कचेरीच्या छपरीत पुढे येऊन, लांबूनच) पडवीकडे पाहिलं. रिकामी. "गळतीचा त्रास झालेला एकही इसम पडवीत आढळला नाही. पट्टीचा उपाय पूर्ण यशस्वी," असं पत्रक निघालं. आणि यशस्वी जागा रिकामी ठेवणं बरं नाही, म्हणून पार्सल न्यायला येणाऱ्या सन्माननीय नागरिकांनी यापुढे पडवीत रांग लावावी, असंही ठरलं.

पाठोपाठ शेडची झडती झाली. "आवाज करणारा माल" शेडमध्ये ठेवता येत नाही. पोरं मूळ जागी परत पाठवण्यात आली. काकांनी प्रत्येकाचं टोकन सोडवून घेतलं. ढमीचं सोडवताना त्यांना गाठ सापडत नव्हती. बराच वेळ सापडत नव्हती.

आता पडवीचा नकाशा नीट लक्षात घ्या. भिंतीकडे सांध्याच्या धारा. उघड्या कडेला पावसाची झड. मध्ये माणूस उभा राहील एवढा एक कोरडा पट्टा. त्या पट्ट्यात सन्माननीय नागरिक. पाळणे भिंतीकडे.

परवा असाच पाऊस कोसळला. धार ढमीच्या पाळण्यावर आली. मावशी दुसऱ्या टोकाला तीन पाळणे एकट्याच ओढत होत्या. बहीण हातातलं खोकं टाकून धावत आली, पाळणा मधल्या पट्ट्याकडे ढकलायला लागली, आणि रांगेतल्या एकाला म्हणाली, "दादा, जरा सरका ना, पोरीवर पाणी पडतंय."

"अहो बाई, रांग आहे. सरकलो तर माझा नंबर जाईल," असं तुम्ही म्हणालात.

हो, तुम्हीच. मागे वळून बघू नका. इतका वेळ साहेबांना चार शब्द ऐकवतोय म्हणून तुम्ही मजेत वाचत होतात. पाळण्याचं चाक तुमच्या बुटाला लागलं तेव्हा तुम्ही "बघून ढकला की" असंही म्हणालात. तुमचा नंबर आला, तुम्हाला पार्सल मिळालं. त्यावर स्टिकर होता, "पाण्यापासून जपा". पाऊस जोरात होता, तेव्हा तुम्ही शर्टाची बटणं काढलीत, खोकं छातीशी धरलंत आणि वरून हात आडवा घेऊन धावत गेलात. फार जपलंत. बघणाऱ्याला वाटावं, आत कोणीतरी आहे.

ढमीच्या पाळण्यावरही तोच स्टिकर आहे. भिजून त्याची एक कड सुटली आहे, पण अक्षरं वाचता येतात.

साहेबांना मी आता काही विचारत नाही. त्यांची हद्द ठरायची आहे. तुम्हाला विचारतो: तुम्ही उभे होतात तो कोरडा पट्टा कोणत्या विभागाचा? आणि दोन पावलं सरकायला तुम्हाला कोणाची परवानगी लागते?

उत्तर हवं आहे. लेखी नको. पाऊस आलाय, सरकून द्या.