गिअरबॉक्सचे सात डबे

गिअरबॉक्सचे एकूण अठ्ठावन्न भाग निघाले. मी तीनदा मोजले. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ते सात डब्यांत भरले, झाकणांवर एक ते सात आकडे घातले आणि शिवाय प्रत्येक भागावर मार्करने क्रमांक लिहिला. पदार्थविज्ञानाच्या पदवीधराने गिअरबॉक्स कसा खोलावा, याचा तो आदर्श नमुना होता!

"गॅरेजवाला दोन आठवडे मागतोय. मी चार दिवसांत करतो," असं मी तोकुजी काकांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

काकांची डोंगरउतारावर संत्र्यांची बाग आहे. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी मदतीला आलेलो. त्यांच्या छोट्या ट्रकचा तिसरा गिअर चढावर लहान पोराच्या दातासारखा हलायचा आणि निसटायचा. शनिवारी बाराच्या आत अडतीस क्रेट सहकारी शेडवर पोहोचले नाहीत, तर काकांनी वर्षभर लाडावलेली फळं सरळ रसाच्या टाकीत जाणार होती. तोडणीच्या दिवसांत दुसऱ्या कुणाचा ट्रक मोकळा मिळणं अशक्यच!

बुधवारी मी नवीन बेअरिंग आणायला बसने शहरात गेलो. परत येऊन बघतो, तर गोदामात वर्तमानपत्र तेवढं अंथरलेलं. डबे गायब!

"काकू! इथले डबे कुठे गेले?"

"ज्यांचे त्यांना देऊन आले," मिसाए काकू म्हणाल्या. "शेजाऱ्यांचेच होते ना ते! कुणाकडून मुळ्याचं लोणचं आलेलं, कुणाकडून उकडलेला भोपळा. महिना झाला, मला लाज वाटत होती. डबा रिकामा परत करायचा नसतो हे तुझ्या लक्षात राहिलं, बरं वाटलं हो!"

"पण आत काय आहे ते बघितलंत का?"

"दुसऱ्यांना द्यायची भेट उघडून बघू? जड मात्र होते. म्हटलं, पोराचा हात सढळ आहे!"

"काकू, ट्रकचा गिअरबॉक्स होता तो!"

 काकू बोट रोखून म्हणाल्या, "आण. पण परत मागायचं नाही हं! दिलेली भेट मागितलीस, तर मला या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मागायचं नाही, पण आणायचं! मी पहिल्याच घरी गेलो. कुराता आजोबा, निवृत्त पोस्टमन.

"आजोबा, काकूंनी मघाशी जे दिलं ना, ते अगदीच क्षुल्लक आहे हो."

"छे छे! फार छान आहे!"

"नाही, खरंच. घरात ठेवण्यासारखं नाही ते."

"इतकी वजनदार भेट आणि म्हणे क्षुल्लक! अगदी तुझ्या आजोबांवर गेलास."

आमच्याकडे भेट देताना सगळे 'क्षुल्लक आहे' असंच म्हणतात. मी जितकं खरं बोलत होतो तितका विनयशील ठरत होतो! आत देव्हाऱ्यात, आजींच्या फोटोपुढे, माझ्या दुसऱ्या गिअरच्या भोकात उदबत्ती जळत होती. आजोबांनी निरोप देताना माझ्या हातात लोणच्याचा डबा ठेवला. सात घरं झाली. मिळकत : लोणचं, सात डबे. गिअर, शून्य.

गुरुवारी काहीच कळेनासं झालं. काल शेजारच्या मोरिता काकूंच्या ओट्यावर दिसलेला दांडा आज न्हाव्याच्या दुकानात दिसला. न्हाव्याकडच्या पितळी रिंगा शाळेच्या बाईंकडे. हळूहळू उलगडा झाला. हे लोखंड नेमकं काय आहे, हे कुणालाच समजलं नव्हतं. पण भेट टाकून कशी द्यायची? म्हणून प्रत्येकाने ती छान बांधून पुढच्या घरी दिली होती!

शुक्रवारी सकाळी मोरिता काकू दारात वाकून उभ्या. "अगदी क्षुल्लक आहे, पण गोड मानून घ्या."

जांभळ्या कापडात पाचवा गिअर!

त्यांच्या मागोमाग न्हावी. मग बाई. गावभर फिरून लोखंड दमलं होतं. संध्याकाळी कुराता आजोबाही आले. उदबत्तीची राख झटकून. मी तीनदा मोजले. अठ्ठावन्न! मी मिसाए काकूंना मिठीच मारणार होतो, तेवढ्यात दिव्याखाली सगळं लखलखताना दिसलं. अस्वच्छ वस्तू भेट कोण देईल? प्रत्येक घरात गिअर साबणाने घासले गेले होते. एकाही भागावर माझा क्रमांक उरला नव्हता.

"काका, आता क्रम कसा लावू?"

"पदवी आहे ना तुझ्याकडे? ती लाव."

शनिवारी अकराला शेवटचा बोल्ट आवळला. वर्तमानपत्रावर तीन भाग उरले होते.

"हे कशाचे?" काकांनी विचारलं.

"जादा असावेत."

"असं होय! कारखानेवालेही डबा रिकामा देत नाहीत वाटतं."

क्रेट चढवले. काका शेजारी बसले. पहिला गिअर टाकला, ट्रक ढिम्म. दुसरा, ढिम्म. तिसरा, चौथा, पाचवा! शेवटी घाबरत घाबरत रिव्हर्स टाकला.

"चालला! काका, चालला!"

"मागे चाललाय."

"हो, पण चाललाय!"

काकांनी घड्याळ बघितलं, एकदा संत्र्यांकडे बघितलं आणि मान मागे वळवली. "शेडच्या दिशेला पाठ कर याची."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. कुणी हसलं नाही. सगळे वाकून नमस्कार करत होते. "किती जपून चालवतो नाही पोरगा!" कुराता आजोबा म्हणाले.

अंतर : २.४ किलोमीटर. वेळ : एकेचाळीस मिनिटं. पोहोच : अकरा वाजून बावन्न मिनिटं. क्रेट : अडतीस. गिअर : एक.