माऊसचं डावं बटण

हरिश्चंद्र शिवलकरांनी त्या बुधवारी एक अगदी लहानसा निर्णय घेतला. ही गोष्ट दर्शनाला सांगायची नाही. (नवऱ्यांचे बहुतेक घोळ याच निर्णयापासून सुरू होतात, पण शिवलकरांना हे कोण सांगणार?)

गोष्ट होती कॉम्प्युटरच्या माऊसची. संध्याकाळी वाचनालयातून स्कूटरवरून येऊन ते कॉम्प्युटरसमोर बसले. शेजारच्या बाळा नावाच्या गृहस्थाचा नळजोडणीचा अर्ज त्यांनी सकाळीच टाइप करून ठेवला होता. बाण त्या अर्जाच्या नावावर नेला आणि नेहमीसारखं डावं बटण दाबलं. अर्ज उघडायचा सोडून खाली एक लांबलचक यादी लोंबली. उघडा, छापा, कापा, काढून टाका. यादी घालवायला म्हणून त्यांनी घाईघाईनं पुन्हा बटण दाबलं, तर बाण नेमका 'काढून टाका'वर. अर्ज गेला, पुन्हा पहिल्यापासून टाइप करावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावरून फिरून आले तर तोच माऊस अगदी शहाण्यासारखा वागत होता. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा यादी. शनिवारी सकाळी पुन्हा शहाणपण.

आता शिवलकर म्हणजे कुणी साधासुधा माणूस नव्हे. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्क. कागदावरचा एक काना इकडचा तिकडे झाला तरी त्यांना तो चालत येऊन सांगे, अशी त्यांची ख्याती. (ही ख्याती पसरवण्याचं काम त्यांनी स्वतःच मन लावून केलं होतं.) अशा माणसाला एक बटण दाबता येईना! त्यांनी मिरजोळ्याच्या नितेशला बोलावलं. नितेश कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो आला सकाळी, आणि सकाळी अर्थातच सगळं ठीक होतं.

"काका, माऊस फर्स्ट क्लास आहे."

"संध्याकाळी उलटा चालतो रे!"

नितेशनं आत स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "काका, राग मानू नका. आमच्या पप्पांचं पण असंच झालेलं. वय झालं की डावं-उजवं कळत नाय."

नितेश चहा पिऊन गेला, पण त्याचं ते डावं-उजवं शिवलकरांच्या डोक्यातून काही जाईना. कारण त्यांच्या वडिलांचं, आप्पांचं, असंच सुरू झालं होतं. आधी आप्पा चपला उलट्या पायांत घालायला लागले. घरातले सगळे हसले, हरिश्चंद्रही हसला. दोन वर्षांनी आप्पांनी ओटीवर बसल्या बसल्या हरिश्चंद्रालाच विचारलं, "आपण कुणाकडे आलात?" तेव्हा कुणी हसलं नाही. एक दिवस आपणही दर्शनाला असंच विचारू, अशी शिवलकरांची खात्रीच झाली.

मग सुरू झाली गुप्त उपचारांची मोहीम. एकोणतीसचा पाढा ते रोज न्हाणीघरात मोठ्यानं म्हणू लागले. डाव्या हातावर बॉलपेननं 'डा' लिहू लागले.

"हातावर काय वो हे?" दर्शनानं विचारलं.

"डास चावला. खूण करून ठेवली."

"डासाची नोंद ठेवताय? कचेरी सुटली म्हणून आता डासांची आवक-जावक?"

बुद्धीला बदाम चांगले म्हणून बदामाचा डबा हलका होत गेला. कोण खातं बदाम, असं दर्शनानं विचारल्यावर शिवलकर पटकन म्हणाले, "उंदीर असेल." बायकोनं उंदरासाठी कपाटापुढे गोंदाचा पुठ्ठा मांडला. सकाळी फिरायला जाण्याआधी शिवलकर बदामासाठी चोरपावलांनी आले ते थेट त्या पुठ्ठ्यावर. खोबरेल तेल, रॉकेल आणि अर्धा तास खर्ची पडल्यावर पाय सुटला. एवढं होऊनही त्यांनी तोंडातून खरं काढलं नाही. "पाणी प्यायला आलो होतो," म्हणाले.

एक मात्र दर्शनाच्या ध्यानात आलं. नवरा आताशा बघत बसतो. ती भाजी निवडत असली, कोळणीशी बांगड्यांच्या वाट्यावरून हुज्जत घालत असली, की हे खुर्ची ओढून समोर. कपाळावरची बारीक खूण, हनुवटीवरचा तीळ, हसताना एकच गाल वर जातो ती तऱ्हा. शिवलकर पाठ करत होते. चेहरा विसरायची वेळ आलीच, तर निदान आधी तो नीट पाठ तरी असावा, असं त्यांना वाटत होतं.

"तुम्हाला बरं नाय का?" तिनं विचारलं.

"मला काय धाड भरलीय!" ते म्हणाले आणि उठून न्हाणीघरात गेले. एकोणतीस एके एकोणतीस.

शेवटी मंगळवारी दुपारी, पेन्शनचं काम आहे अशी थाप मारून ते स्कूटरवरून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, आंबा, होडी, कंदील हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि पाच मिनिटांनी परत म्हणायला लावले. शिवलकरांनी शब्द सांगितलेच, वर एकोणतीसचा पाढाही विचारल्यावाचून म्हणून दाखवला.

"डोकं ठणठणीत दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पण घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय मी काही लिहून देत नाही. तुमच्या मिसेसना काय जाणवलं?"

"तिला यातलं काही माहीत नाही."

"मग आधी तिला सांगा. औषधाचं नंतर बघू."

घराच्या गल्लीच्या तोंडाशी शिवलकरांनी स्कूटर बंद केली आणि हातानं ढकलत निघाले. पहिलं वाक्य काय म्हणायचं याची तालीम चालली होती. 'दर्शना, तुला एक सांगायचंय.' छे, हे फार कचेरीतलं झालं. 'अगो, घाबरू नकोस.' हे ऐकूनच ती घाबरेल. असं करत करत आवाज न होता ते फाटकातून आत आले, चपला काढल्या आणि दारातच थांबले.

दर्शना कॉम्प्युटरसमोर बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जिभेचं टोक ओठांत धरलेलं. पडद्यावर खाडी होती, खाडीत होडी, वर पूर्णगडाचा बुरूज आणि पायथ्याशी कौलारू घर. तिचं माहेर. बाण आभाळात निळा रंग भरत हळूहळू सरकत होता. आणि माऊस होता कीबोर्डच्या डाव्या बाजूला, तिच्या डाव्या हातात.

"अगो, तू डावरी?"

दर्शना दचकली. खाडीपासून बुरुजापर्यंत एक जाड निळी रेघ सर्रकन गेली.

"मेलं माझं आभाळ!"

शिवलकरांनी पुढे होऊन कीबोर्डवरची दोन बटणं दाबली. रेघ गेली, आभाळ होतं तसं झालं. (कीबोर्डच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.)

"सेटिंगात जाऊन बटणं उलट करता येतात," दर्शना चोरी पकडल्यासारखी सांगायला लागली. "डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. अक्षयानं, तुमच्या लेकीनंच, फोनवर शिकवलंन. तुम्ही यायच्या आत पहिल्यासारखं करते मी. पण कधी स्कूटर लवकर वाजली की राहून जातं. मग सकाळी तुम्ही फिरायला गेलात की बदलते."

"पण तू तर सगळं उजव्या हातानं करतेस!"

"लग्नानंतर पहिल्या पंगतीत मी डाव्या हातानं आमटी वाढली. सगळे जेवायचे थांबले. तुमच्या आयनं नुसती माझ्या हातातली पळी काढून घेतली नि उजव्यात दिली. तेव्हापासनं उजवा." तिनं डावा हात पदराखाली घेतला. "पण चित्र काय उजव्यानं जमलं नाय कधी. माहेरी कोळशानं भिंती भरवायचे मी. म्हटलं, माऊसला कुठं माहीत आहे कोणता हात कसला ते."

शिवलकर त्या पंगतीत होते. आमटी त्यांना आठवत होती, झकास झाली होती. पळी कोणत्या हातातून कोणत्या हातात गेली हे मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि याची त्यांना मनापासून लाज वाटली. तालीम केलेली सगळी वाक्यं त्या लाजेत वाहून गेली आणि भलतंच बाहेर पडलं.

"मला वाटलं, मी तुला विसरणार."

मग आप्पा, चपला, नितेश, डॉक्टर, हातावरचा 'डा', सगळं बाहेर आलं. दर्शना आधी हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिनं पदरानं चष्मा पुसला. मग अचानक काहीतरी आठवून तिनं नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली, डाव्या हातानं.

"म्हणजे बदाम तुम्ही खाल्लात!"

त्या संध्याकाळी आमटी वाढताना तिचा हात वाटीपाशी जरा घुटमळला. शिवलकरांनी वाटी तिच्या डाव्या हाताच्या बाजूला सरकवली आणि ते पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी ते नितेशकडून नवीन माऊस घेऊन आले. एक तुझा डावीकडे, एक माझा उजवीकडे, भानगडच नको! दोघं शेजारी शेजारी बसली. शिवलकर बाण बाळाच्या अर्जाकडे ओढू लागले, दर्शना खाडीकडे. बाण बिचारा मधल्या मध्ये थरथरत राहिला. फोन लावला तर नितेश म्हणाला, "काका, माऊस धा लावा, बाण एकच. बटणांचं सेटिंग पण सगळ्यांना मिळून एकच."

"मग तुझंच सेटिंग राहू दे," शिवलकर बायकोला म्हणाले. "तू अडतीस वर्षं हात बदललास, मी एक बोट बदलतो." पुढचा आठवडाभर त्यांच्यापुढे याद्या लोंबत राहिल्या. बाळाच्या अर्जाच्या सात प्रती छापून निघाल्या. पण बोट बदललं. हातावर 'डा' लिहायची सवय तेवढी राहिली.

त्यानंतरच्या रविवारी चित्र पूर्ण झालं. शिवलकर खुर्चीत मागे रेलले. "एकदा चुकलं, कबूल. पण यापुढे या घरातली एवढी मोठी गोष्ट माझ्या नजरेतून सुटायची नाय. छत्तीस वर्षं नजरेचंच काम केलंय मी."

दर्शना होडीला शीड रंगवत होती. मान न वळवता म्हणाली, "अक्षया पण डावरी आहे."

शिवलकरांनी वर पाहिलं. कॉम्प्युटरच्या वरच लेकीचा फोटो होता, बॅडमिंटनच्या स्पर्धेत पहिली आली तेव्हाचा. पंधरा वर्षं ते रोज सकाळी तो आपल्या हातानं पुसत होते. अक्षयानं रॅकेट उंच धरली होती. त्यांनी हातावरचा पुसट झालेला 'डा' पाहिला, मग फोटो पाहिला, मग पुन्हा हात.

"फोटो उलटा छापलाय," ते म्हणाले.

"मागच्या फलकावर 'रत्नागिरी' सरळ लिहिलेलं दिसतंय," दर्शना म्हणाली आणि तिनं बॉलपेन उचललं. "हात द्या इकडे. 'डा' परत काढून देते."

शिवलकरांनी हात पुढे केला. उजवा.