सर्व्हरचा पंखा आणि भुवनेश्वरभाऊंची झोप

"डब्याचा पंखा तुमीच कमी केला ना? हो का नाही, तेवढं सांगा!"

"मी काऊन कमी करीन? ऑटोमॅटिक हाय ते."

"आन डबा ऑटोमॅटिकच चालत चालत धानाच्या खोलीत गेला काय?"

यावर भुवनेश्वर पटले मिशा कुरवाळू लागले. (सोसायटीचे सचिव असताना त्यांनी भल्याभल्या ऑडिटरांना गुंडाळलं होतं. पण ऑडिटर म्हणजे काही त्यांच्या पत्नी दुलारीबाई नव्हेत.)

सकाळच्या चहापासून पेटलेल्या या भांडणाचं मूळ होतं एक काळा डबा. नागपुरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, धनेंद्रनं, तो दवनीवाड्याच्या घरी बसवला होता. घरच्या सगळ्या मोबाइलमधले फोटो, व्हिडिओ त्याच्या हार्डडिस्कमध्ये जमा होत. धनेंद्र त्याला सर्व्हर म्हणे, दुलारीबाई 'मायचा डबा' म्हणत. त्यांच्या वारलेल्या आईनं म्हटलेली हळदीची गाणी आता फक्त त्यातच होती. ज्या मोबाइलवर ती रेकॉर्ड केली, तो विहिरीत गेला होता. रविवारी नागऱ्याला भाचीची, रिंकीची हळद. तिथं आजीच्याच आवाजात गाणी वाजतील, असं दुलारीबाईंनी साऱ्या नात्यात सांगून ठेवलेलं.

आणि आता डबा मुका.

झालं होतं एवढंच. नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागला, डबा तापला, तसा त्याचा पंखा घोंघावू लागला आणि भुवनेश्वरभाऊंची दुपारची झोप मोडली. (हे स्वतः घोरतात तेव्हा शेजारची म्हैस दचकून उठते, ते चालतं.) धनेंद्रनं मोबाइलवरून डबा चालवायला शिकवून ठेवलंच होतं. भाऊंनी काल पंखा अगदी हळू करून टाकला. थोड्याच वेळात डबा टीं टीं ओरडू लागला. शहाण्या माणसानं पंखा वाढवला असता. यांनी मात्र डोकं चालवलं! घरात सगळ्यात थंड जागा कोणती? धानाची खोली, जाड मातीच्या भिंतींची. डबा उचलला, नुकत्याच भरलेल्या उन्हाळी धानाच्या पोत्यांवर मांडला, वायर जोडली, दार ओढलं आणि ढाराढूर झोपले. त्या पंख्यानं पोटात काय काय ओढलं असेल, ते धान मळलेल्या कोणालाही विचारा.

शेवटी धनेंद्रला फोन लागला.

"बाबूजी, आधी खोला त्याले. मऊ ब्रशनं साफ करा, थंड होऊ द्या, मंग सुरू करा. आन पंख्याले हात नोका लावू!"

जाळी काढली तर आत कुसं, भुसा आणि धान्यातलं एक मेलेलं पाखरू.

"डबा हाय का कोंबडीचं खुराडं?" दुलारीबाई कडाडल्या. घरात मऊ ब्रश एकच होता, भाऊंचा मिशांना कलप लावायचा.

"तो नोको, दुलारी! रविवारी चारचौघांत जायचं हाय..."

"पांढऱ्या मिशा घेऊन चाला. लोकाईले माहीत हाय तुमचं वय."

डबा साफ झाला. भाऊंची आरामखुर्ची कूलरसमोर होती. त्यावर डबा विराजमान झाला. भाऊंनी देवाचं नाव घेत बटण दाबलं. दिवे लुकलुकले, पंखा गरजला. दुलारीबाईंनी मोबाइलवर मायचं गाणं लावलं. आधी खोकला आला, मग "थांब वो पोरी, पाणी पिऊ दे," आणि मग गाणं.

दुलारीबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊंनाही गलबलून आलं. सासूनं त्यांना जन्मभर 'थो आळशी' म्हटलं होतं, तरीसुद्धा.

गाणं संपलं. वातावरण निवळलंय असं वाटून भाऊंनी खुर्चीकडे हळूच हात नेला.

"थंडा झाला आता. जरा सरकवू काय?"

"हात नोका लावू. नवतपा सरेपर्यंत थो इथंच राहीन. पंखा फुल."

"आन मी? या गर्मीत माह्यं काही बरंवाईट झालं त?"

दुलारीबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मायचा आवाज त्या डब्यातच हाय; तुमचा मले पाठ हाय."