आबांची मिशी

पुंडलिकनगरात टी-शर्टवर फोटो छापावा तर सत्यमनंच, हे मी नाय, अख्खी गल्ली म्हणते. मग कडूबा आबांच्या पंच्याहत्तरीचं काम दुसऱ्याला जाणार व्हय? त्यांच्या नातीशी, दीपमालाशी, माझं जमत आलेलं. तिचा होकार होता, आबांचा अडला होता. "पोरगं लई उतावळं दिसतंय. आधी काम बघू," म्हणाले.

काम सोपं. फोटो फिल्मवर छापायचा, फिल्म टी-शर्टवर ठेवून गरम मशीनखाली दाबायची, गार होऊ द्यायची, मग सोलायची. ते गार होऊ देणंच माझ्याच्यानं होत नाय. चहासुद्धा मी तोंड भाजून पितो. शेवटचा टी-शर्ट राहिला, खाली रिक्षा उभी, अन् मी फिल्म गरमच ओढली. आबांची झुपकेदार मिशी फिल्मसोबत निघून आली. मी न बघता घडी घातली अन् खोक्यात सगळ्यात वर ठेवली.

कापड बदामी. मिशीच्या जागी नुकतीच भादरलेली कातडीच दिसायची. पडेगावात आबांच्या घरी खोकं उघडल्याबरोबर दीपमालाच्या काकूनं वरच्या टी-शर्टवरच्या चेहऱ्याचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. आता आबांसारखा माणूस मिशी कधी काढतो? आईबाप गेल्यावर. वडील जाऊन वीस वर्षं झालेली. राहिली आई, शेंद्र्याच्या मनकर्णाबाई, वय ब्याण्णव.

आबांना विचारावं तर ते फोन घरी ठेवून सलूनमध्ये मिशीलाच कलप लावत बसलेले. भावकी थेट शेंद्र्याला निघाली. दीपमालाचा फोन आला तशी मी टाकलेली फिल्म बघितली, मिशी तिलाच चिकटलेली. गाडी काढली अन् जालना रोडवरचा प्रत्येक सिग्नल शिव्या घालत पार केला. पोचलो तर अंगणात साठ माणसं, बायांनी गळा काढलेला, अन् मधोमध नवं लुगडं नेसून मनकर्णाबाई.

"कोण गेलं गं?" त्या विचारत होत्या.

"तुम्हीच की, आजी," एक जण चाचरत म्हणाला.

मी पाय धरले, सगळं कबूल केलं. आजी पोट धरून हसल्या. "एवढी माणसं माझ्यासाठी आली? पोरगं गुणाचं हाय, जित्तेपणी दावलं." तेवढ्यात काळीभोर मिशी घेऊन आबा पोचले. आजी खूश म्हणून तेही हसले. मला वाटलं, जमलं.

मग आजींनी कोण आलं, कोण नाय, हे बोटांवर मोजायला घेतलं.

"कडूबा, ह्या पोराचा बाप दिसत नाय."

"नाय आला."

"मंग जाऊ दे. माझ्या मयतीला जे येत नायत, त्यांच्यात पोरगी द्यायची नाय."

निघताना मीच बापाला फोन करून सांगितलं होतं, म्हातारी ठणठणीत हाय, तुम्ही नका येऊ.