बाळूभाऊ आणि मनचा आकडा

बाळूभाऊंच्या घरी चहा हवा असेल तर आधी कपावर बोट ठेवून "इथपर्यंत" असं सांगावं लागतं. "घेऊ की थोडा" असं मोघम बोललात तर आधण चढतच नाही. मी त्यांचा शेजारी, शिवाय जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या आमच्या एका खोलीच्या ऑफिसातला भागीदार, तरी मलाही सूट नाही.

आमचा धंदा एका सिस्टिमवरचे प्रोग्राम दुसरीवर चालवून देण्याचा. त्यात भाऊंचा जीव अशा एका सिस्टिमवर, की ती वापरणारी सगळी माणसं ओझरच्या एका एसटीत मावतील. बाकीच्या सिस्टिमा सांगून ठेवतात, फाइलचा पत्ता, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे ते, अमुक अक्षरांपेक्षा लांब नसतो. हिच्यात तो आकडाच नाही, कारण हिला हद्दच नाही. दुसरीकडून आणलेला प्रोग्राम आकडा मागतो आणि अडून बसतो. मग लोक आपल्याच मनानं एक आकडा ठोकून देतात. भाऊ खवळतात. "मनचा आकडा घालायचा न्हाई, राव! पत्ता केवढा हाय ते आधी इचारा, मग तेवढं भांडं काढा."

एकदा माती तपासणारं एक गिऱ्हाईक घाईला आलं, म्हणून मी गुपचूप दोनशेचा आकडा घातला. प्रोग्राम पळाला की! पण त्यांचे फोल्डर गाव, वाडी, भावकी, शेतकरी असे एकात एक. लांब पत्त्यांची शेपटं तुटली आणि निमगाव साव्याच्या तिघा भावांचे मातीचे रिपोर्ट एकमेकांवर चढले.

"भावकीत भांडणं कमी व्हती व्हय?" भाऊ एवढंच म्हणाले आणि दोन दिवस बसून मूळ फायलींवरून सगळं पुन्हा उतरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा त्यांच्या मुलीचं, रेखाचं लग्न ठरलं. वहिनी जाऊन सहा वर्षं झालेली. कन्यादानाला जोडी लागते. बायको नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. भाऊ ऐकेनात.

"तिच्या जागी कायबी ठेवायचं न्हाई. चुलता-चुलती बसतील."

"आबा, तुमी बसला न्हाई तर मी बोहल्यावर चढायची न्हाई," रेखा म्हणाली. महिनाभर बाप-लेकीत अबोला. माझा जीव नुसता टांगणीला.

लग्नात गुरुजींनी हाक मारली. चुलते उठायला लागले, रेखानं मान खाली घातली, तेवढ्यात भाऊच पुढं झाले. सुपारी मागून घेतली, शेजारी ठेवली. मग सरकत सरकत पार कडेला जाऊन बसले.

"अहो, मध्ये या. सुपारीला एवढी जागा कशाला?" गुरुजी म्हणाले.

"गुडघा दुखतो तिचा," भाऊ म्हणाले. "पाय पसरून बसती ती."