बंद हंगामातली होडी

मार्च महिन्याच्या अखेरच्या रविवारी, सकाळची प्रार्थना आटोपून मंडळी चर्चच्या तळघरात कॉफी पीत असताना, उत्तर मिनेसोटातील लँटर्न तलावाच्या मधोमध एक होडी पाण्यावर तरंगताना आढळून आली. होडीपुरते पाणी वगळता बाकीचा सारा तलाव गोठलेला होता. होडीत एक मोटारसायकल उभी होती.

होडी ओडेल ब्रेके यांची, मोटारसायकल ड्वेन कोस्कीची आणि दोहोंना तेथवर पोहोचवणारी बुद्धी ओडेल यांचा जावई वर्लिन हॉगडाल याची होती. वर्लिन हा गावातला विमा एजंट. ऑक्टोबरात होड्या पाण्याबाहेर आल्या आणि मोटारसायकलींवर ताडपत्र्या पडल्या, की सारे गाव हिवाळ्यापुरता विमा थांबवी. आणि वस्तूचा घात चालू हंगामात होत नसून बंद हंगामात होतो, हा सिद्धान्त वर्लिन दारोदार जाऊन मांडी. उंदीर, आग, चोर आणि छपरावरचे बर्फ हे त्याचे पुरावे. लोक ते शांतपणे ऐकून घेत, त्याला खायला घालत आणि विमा थांबवत. बारा महिने विमा चालू ठेवणारे इनमीन दोघे निघाले. ड्वेन, कारण त्याला वाद घालायचा कंटाळा. आणि ओडेल, कारण त्यांच्या वतीने सही मुलीने, म्हणजे वर्लिनच्या बायकोने केली होती.

ओडेल हे अत्यंत मितभाषी गृहस्थ. या मुलखात अतिशयोक्ती करणाऱ्याला परका समजतात. पण ओडेल यांनी शब्दांची काटकसर अगदी टोकाला नेली होती. जे पसंत, ते ‘बरं आहे’. आणि जे नापसंत, ते ‘वेगळंच आहे’. या दुसऱ्या शब्दापलीकडे निर्भर्त्सना नव्हती. गावातल्या एका पाद्र्याने तो ऐकल्यावर बदली मागून घेतली होती. तरुणपणी स्वतःच्या हाताने बांधलेली ती लाकडी होडी त्यांनी कधी कोणाला वल्हवू दिली नव्हती. आता गुडघे गेले होते. येत्या मे महिन्यात मासेमारी खुली होईल त्या सकाळी शेवटचे एकदा होडीत बसायचे, आणि मग पुरे, असे त्यांनी ठरवले होते. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला टर्की कापताना ते एवढेच म्हणाले, “मेपर्यंत होडी तुझ्याकडे, वर्लिन.” वर्लिनची झोप तेव्हापासून उडाली.

होडी तलावाच्या पश्चिम तीरावर, ओडेलच्या जुन्या शेडमध्ये होती. मार्चमध्ये वर्लिन पाहायला गेला, तर छप्पर बर्फाच्या ओझ्याने वाकलेले. त्याचा चौथा पुरावा त्याच्याच डोक्यावर लोंबत होता. होडी पूर्व तीरावरच्या आपल्या पक्क्या गॅरेजात हलवायची, असे त्याने तत्काळ ठरवले. गॅरेज झाडून घेतले आणि आपली मोटार बाहेर थंडीत काढली. रस्त्याने तलावाला वळसा फार मोठा. बर्फावरून मात्र समोरासमोर.

“बर्फ टिकेल का रे?” त्याने ड्वेनला विचारले. ड्वेनकडे बर्फावर धावणारी स्नोमोबाइल होती.

“परवाच माझा ट्रक गेला की इथून!”

“पण बर्फावरच्या मासे धरायच्या सगळ्या झोपड्या उचलायला लावल्या सरकारने.”

“सरकारला काय, घाईच असते. आणि हे बघ, माझी मोटारसायकलपण त्याच शेडमध्ये आहे. छप्पर पडलं तर तीही जाईल. टाकू होडीत. एका खेपेत काम.”

“होडीत मोटारसायकल?”

“मग काय मोटारसायकलवर होडी ठेवू?”

हा युक्तिवाद चुकीचा आहे हे वर्लिनला कळत होते; कोठे चुकतो ते सापडेपर्यंत मोटारसायकल होडीत उभी राहिली होती. होडी लाकडी घसरगाडीवर चढली. ती गाडीला बांधण्यासाठी वर्लिनने आणलेले पट्टे ड्वेनने परत त्याच्याच खिशात कोंबले. “बर्फावर होडी बांधत नसतात. गाडी गेली तर तिलाही घेऊन जाईल.” सासऱ्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून वर्लिनने प्रार्थनेची वेळ निवडली होती. ड्वेन पुढे स्नोमोबाइलवर, आणि वर्लिन प्रेतयात्रेतल्यासारखा मागे पायी, असा तो प्रवास सुरू झाला.

तलावाच्या मध्यावर बर्फ कण्हले. ड्वेनने वेग वाढवला. दोर ताणला, तुटला. घसरगाडीखालचे बर्फ फुटले आणि ती अंग टाकल्यासारखी खाली गेली. आणि होडीने, होडीच्या जातीला शोभेल असेच, तरंगायला सुरुवात केली. मोटारसायकल हललीसुद्धा नाही.

वर्लिन पालथा पडून सरपटत तीरावर पोहोचला, तेव्हा तेथे अख्खे गाव उभे होते. पाठोपाठ शेरीफचा माणूस आला आणि तलावावर पाऊल टाकण्याची त्याने सर्वांना बंदी केली. म्हणजे होडी आता बर्फ वितळेपर्यंत तेथेच राहणार, आणि बर्फ सरकताना तिचा चुरा होणार, हे सांगण्याची कोणाला गरज नव्हती.

वर्लिनची बायको जनीस त्याच्या कोटावरचे बर्फ झटकत हळूच म्हणाली, “बाबांना मी नाही सांगणार हं. तूच सांग.”

सांगावे लागले नाही. ओडेल घडीची खुर्ची घेऊन आले, तलावाकडे तोंड करून बसले आणि काहीच बोलले नाहीत. वर्लिनला तो शब्द ऐकू आला असता तर बरे वाटले असते.

सोमवारी त्याने विमा कंपनीच्या डुलुथच्या कचेरीत फोन लावला. दाव्यांचे काम पाहणाऱ्या मिस प्रेस्टगार्ड या बाईंनी शांतपणे विचारपूस केली.

“होडी बुडाली का?”

“नाही.”

“फुटली?”

“अजून नाही.”

“मग झालंय काय?”

“बाई, ती पाण्यात आहे!”

“होड्या पाण्यातच असतात ना, मिस्टर हॉगडाल?”

“पण हा बंद हंगाम आहे!”

“तेच विचारायचं होतं. बंद हंगामात होडी जमिनीवर, छपराखाली हवी. मग ती पाण्यात काय करतेय?”

“तरंगतेय.”

“म्हणजे वापरात आहे. जमिनीवर येईपर्यंत तिचा विमा लागू नाही. हे कलम तुम्ही गिऱ्हाइकांना समजावता ना?”

वर्लिन ते कलम पाठ म्हणून दाखवू शकला असता. बाईंनी पुढे मोटारसायकलची चौकशी केली: रस्त्यावर होती का? नव्हती. चालू होती का? नव्हती. झाकलेली होती का? ताडपत्रीने. “छान. तिचा विमा पूर्णपणे लागू आहे,” असे सांगून त्यांनी फोन ठेवला.

“बघ, तू मला किती वर्षं सांगत होतास!” ड्वेन सद्गदित होऊन म्हणाला. “विमा म्हणजे भारी गोष्ट आहे, वर्लिन. आता मी सगळ्यांना सांगणार.”

गावाने त्या होडीचा आपापल्या परीने उपयोग करून घेतला. दरवर्षी अग्निशमन दल तलावावर एक मोडकी मोटार उभी करून, ती केव्हा बुडेल यावर पैजा लावीत असे. मोटारीने पाणी खराब होते म्हणून यंदा तिला मनाई आली होती. उपाहारगृहाच्या फळ्यावर आता ‘होडी’ असे लिहिले गेले. लोक दुर्बिणी आणि कॉफी घेऊन किनाऱ्यावर जमू लागले. वर्लिन भेटला की त्याच्या हातात भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचे झाकलेले भांडे देत. घरात मयत झाल्यावर द्यायची या गावाची हीच रीत होती. ओडेल रोज सकाळी येत, बसत, आणि संध्याकाळी खुर्ची मिटून जात. मे महिना जवळ येत होता.

एप्रिलच्या एका दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. तलाव आधी काळवंडला, मग अवघे बर्फ एका अंगाने पूर्वेकडे सरकू लागले. काचांचे ढीग ओढावेत तसा आवाज करीत ते किनाऱ्यावर चढले, माणसाहून उंच झाले, आणि थांबले नाही. वर्लिनच्या अंगणातून ते सावकाश वर आले आणि त्याच्या पक्क्या, झाडलेल्या, कुलूपबंद गॅरेजाच्या भिंतीतून आत गेले. भिंत पडली, मग छप्पर पडले, मग कुलूप तेवढे चौकटीत लोंबत राहिले.

बर्फाच्या मागे मोकळे पाणी होते. त्या पाण्यावरून, कोणी वल्हवत नसताना, ओडेल ब्रेके यांची होडी संथपणे आली आणि पडलेल्या गॅरेजासमोरच्या ढिगाला टेकली. पलीकडच्या तीरावर जुनी शेड उभी होती. छप्पर अजूनही वाकलेलेच होते.

“वर्लिन,” जनीस म्हणाली, “गॅरेजचा विमा आहे ना?”

“आहे.” वर्लिन ढिगाकडे बघत म्हणाला. “किनाऱ्यावर चढून आलेलं बर्फ सोडून सगळ्याचा.”

ड्वेन होडीत चढून मोटारसायकलला मिठी मारून उभा होता. ओडेल खुर्चीवरून उठले. एकेक पाऊल टाकीत ते होडीपाशी गेले, वाकता येत नसतानाही वाकले, तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला आणि बोटाला ओल लागते का ते पाहिले. मग त्यांनी गॅरेजाच्या ढिगाकडे पाहिले. शेवटी जावयाकडे पाहिले, आणि या पाहण्याला सर्वांत जास्त वेळ लागला.

“होडी बरी आहे,” ते म्हणाले. “तू वेगळाच आहेस.”