इब्राहिमचाचांचे फर्मे

इब्राहिमचाचांनी मुलीचं लग्न ठरवलं तेव्हा जावयाला पाहिलं नव्हतं. पाहणार कसे? मुलगा रत्नागिरीजवळच्या खेड्यात, चाचा दुबईत. पत्रातून मुलाची उंची कळली होती, पाच फूट सहा इंच. चाचांनी सागाची एक पट्टी बरोब्बर तेवढी कापली, गोदामाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभी केली आणि आठवडाभर तिच्यासमोर बसून चहा प्यायले. आठव्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "लिही मास्तर, मुलगा पसंत आहे."

तुम्ही हसाल. मीही हसलो, पण टाइपरायटरच्या आड तोंड लपवून. कारण चाचा थट्टा करत नव्हते. त्या पट्टीशी त्यांनी आठवडाभर जे काही मूक बोलणं केलं होतं, ते एखाद्या बापाने व्याह्यांच्या ओटीवर बसून करावं इतक्याच गंभीरपणे केलं होतं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिराती नावाचा देश तेव्हा जन्माला यायचा होता. दुबई म्हणजे एक खाडी, तिच्या दोन्ही काठांवर दोन वस्त्या, आणि मध्ये माणसं इकडून तिकडे नेणाऱ्या होड्या. आमची पेढी देरा नावाच्या काठावर, अगदी पाण्याला लागून. मी चोवीस वर्षांचा टायपिस्ट. चाचा गोदामाचे प्रमुख, वय पन्नाशीपुढे. मला ते मास्तर म्हणत, कारण इंग्रजी अक्षरं ओळखणारा माणूस मास्तरच असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्यांचं घराणं होड्या बांधणाऱ्यांचं. त्या लोकांची एक रीत असते. चांगल्या लाकडाला हत्यार लावण्याआधी टाकाऊ लाकडाचा त्याच आकाराचा तुकडा कापायचा, जागेवर बसवून बघायचा, आणि मगच पुढे जायचं. त्या तुकड्याला फर्मा म्हणतात. बाकीचे लोक फर्मा होडीपुरता करत. चाचा आयुष्यभरासाठी करत. नव्या चपला घ्यायच्या तर आधी लाकडाचे तळवे करून दोन दिवस गोदामात खडखडत फिरायचे. घड्याळ घ्यायचं तेव्हा लाकडी चकती मनगटाला बांधून महिनाभर वावरले, आणि कुणी वेळ विचारली की तिच्याकडे बघून अंदाजे सांगतही होते. कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर असे, "फर्मा काय बोलतो ते बघू."

पण माप! मापात हा माणूस कधी चुकला नाही. जहाजाचं भाडं खोक्याच्या आकारमानावर ठरतं, आणि त्यावरून बंदरावर रोज भांडणं होत. आमच्या खोक्यांवरून कधीच नाही. चाचांनी खडूने आकडा लिहिला की जहाजांचे नाखवे तो दुसऱ्यांदा मोजत नसत. पेढीतल्या अकरा वर्षांच्या त्या खडूवर चाचा जगत होते. घर दूर, बायको वारलेली, मुलगी परक्या घरी; एवढं एकच त्यांचं स्वतःचं होतं.

आमचे कॅशियर नूरभाईही रत्नागिरीकडचेच, आणि म्हणूनच चाचांना छळण्याचा हक्क आपल्याला आहे असं मानणारे. एकदा म्हणाले, "चाचा, तुम्ही कबरीचाही फर्मा करून आधी आडवे होऊन बघणार."

चाचांनी नूरभाईंच्या पोटाकडे शांतपणे नजर टाकली. "आधी तुझा करतो. तुझ्या रुंदीला लाकूड लागेल जास्त."

तर अशा माणसाच्या पुढ्यात एके दिवशी रिव्हॉल्व्हरचा कॅटलॉग आला.

आमच्या मालकांना सगळे अरबाब म्हणत. सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी मोती काढणाऱ्या जहाजाचे कप्तान. थोरल्या नातवाचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या मजलिसमध्ये, म्हणजे पुरुष पाहुण्यांच्या बैठकीत, मानाच्या जागी बसायचं, कमरेला नवं कोरं रिव्हॉल्व्हर लावायचं, आणि पाहुणे जमले की ते बाहेर काढून हातात धरून दाखवायचं, असं त्यांच्या मनात होतं. गोळ्या झाडणं हे पोरांच्या बंदुकांचं काम. घरच्या वडिलाने फक्त धरायचं. लंडनच्या एजंटाने कॅटलॉग पाठवला होता. अरबाबांना त्यातलं सगळ्यात दांडगं, चव्वेचाळीस बोअरचं पसंत पडलं. पण फॉर्मवर एक रकाना होता, नळीची लांबी. चार इंच, साडेसहा, की आठ आणि वर थोडी.

अरबाबांनी फॉर्म चाचांकडे सरकवला. मापाचं काम आहे, तुझं आहे, एवढंच म्हणाले.

चाचांनी तीन फर्मे केले. जुन्या जहाजाचा साग घेतला, नळ्या आतून पोखरल्या आणि मासेमारीच्या जाळ्याचं शिसं वितळवून आत ओतलं, म्हणजे वजनही खरं व्हावं. मग एकेक फर्मा कमरेला लावून आठवडा आठवडा काढला. चार इंचीचा आठवडा शांततेत गेला. साडेसहा इंची खुर्चीच्या हाताला अडकून त्यांच्याबरोबर खुर्चीही उठायची. आठ इंचीच्या आठवड्यात ते खाडी ओलांडायला होडीत बसायला गेले तेव्हा नळीचं टोक नावाड्याच्या बरगडीत घुसलं, आणि त्या बिचाऱ्याने दोन्ही हात वर केले. चाचांनी फर्मा काढून त्याला लाकूड दाखवलं, नखाने खरवडून दाखवलं, आणि वर सागाचं वय सांगितलं. तेवढ्यात होडी वल्ह्यावाचून अर्धा फर्लांग वाहत गेली होती.

नूरभाई रोज हिशेब सोडून हे बघत. "सहा हजार वर्षांत एवढा विचार कुणी तलवारीचाही केला नसेल," म्हणाले. चाचांनी मान हलवली. तलवारीचा विचार झाला असता तर इतकी माणसं मेली नसती, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शेवटी एका दुपारी फर्मे फडक्यात गुंडाळून चाचा माडीवर अरबाबांकडे गेले. मी फॉर्म घेऊन बरोबर. खोलीत आणखी कुणी नव्हतं.

अरबाबांनी आधी आठ इंची उचलला. गादीवर बसल्या बसल्या हात लांब करून धरला, जणू पाहुणे समोर आहेत. तोंडावर तरुण हसू आलं. मी ते हसूच बघत होतो. चाचा नळीचं टोक बघत होते. मग मीही तिकडे बघितलं. टोक हलत होतं. हाताची थरथर मुठीपाशी जेमतेम दिसायची, पण तीच नळीवरून पुढे पुढे मोठी होत टोकाला पोचली की अर्धं बोट खालीवर. साडेसहा इंचीचं टोकही हललं, कमी. चार इंची त्यांच्या मुठीत जवळजवळ गप्प बसला.

अरबाबांनी तो चार इंची गादीवर टाकला. बायकांच्या पर्समधलं खेळणं आहे म्हणाले. आठ लिहा, खलास.

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले आणि फर्मे फडक्यात गुंडाळू लागले.

खाली आल्यावर मी कागद मशीनला चढवला. चाचा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"चार लिही."

"चाचा, अरबाब आठ म्हणाले."

"माप मी घेतलं ना? चार लिही."

मी म्हटलं, त्यांना सरळ सांगा, लांब नळीत हात हलताना दिसतो म्हणून. खिडकीबाहेर खाडीत एक जहाज डागडुजीला ओढून ठेवलं होतं, चाचा तिकडे बघत राहिले.

"माझा बाप वाकस चालवायचा," ते म्हणाले. "फळी अशी तासायचा की हात फिरवला तर कुस लागायचं नाही. म्हातारपणी हात थरथरायला लागला. एक दिवस माझ्या थोरल्या भावाने त्याच्या हातातून वाकस काढून घेतला. बरोबरच केलं, कुणाचा पाय तुटला असता. पण बारा माणसं बघत होती, मास्तर. मी धरून तेरा. त्याच्यानंतर बाप सहा वर्षं जगला. होडीकडे तोंड करून एकदाही बसला नाही."

मी चार लिहिलं. अरबाबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली, आणि ती सही मी आजही विसरलेलो नाही.

खोकं आलं तेव्हा लग्नाला अकरा दिवस उरले होते. अरबाबांनी ते हौसेने सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर उघडायला लावलं. मखमलीच्या खाचेत ते आखूड, जाड, काळंशार हत्यार पडलेलं. अरबाबांनी चाचांकडे बघितलं.

चाचा पुढे झाले. हात बांधून उभे राहिले.

"माझी चूक, अरबाब. आठाच्या जागी मी चार सांगितलं."

अरबाब खूप बोलले. अरबी मला तेव्हा अर्धीमुर्धी कळायची, ते बरंच झालं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माप चुकलं आणि तेही माझ्याच घरच्या कार्यात, एवढं समजलं. परत पाठवायला वेळ नव्हता. नूरभाई म्हणाले, "तीन आठवडे लाकडं कमरेला लावून फिरलात, आणि शेवटी हे?" लोक हसले. चाचांनी मान खाली घातली. मी तोंड उघडणार होतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

लग्नाच्या दिवशी मजलिस गच्च भरली होती. अरबाबांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर बसल्या जागी एका झटक्यात बाहेर काढलं आणि पाहुण्यांसमोर हात लांब करून धरलं. ते हललं नाही. निदान कुणाला दिसलं नाही. एक म्हातारा नाखवा म्हणाला की कप्तानाचा हात अजून तसाच आहे. अरबाबांनी ते हवं त्याहून थोडा जास्त वेळ धरून ठेवलं. मी चाचांना शोधलं. ते दाराबाहेर पाहुण्यांच्या चपला जोड्याजोड्याने लावत होते. तिथून आतलं काही दिसत नव्हतं.

अरबाबांना खरं काय ते कळलं होतं का, मी सांगू शकत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी दाखवलं नाही.

लग्नानंतरच्या शनिवारी पेढीत हुकूम निघाला की इब्राहिमने मोजलेलं प्रत्येक खोकं दुसऱ्या कुणीतरी पुन्हा मोजायचं. ते काम माझ्याकडे आलं. दोन वर्षं, मी दुबई सोडेपर्यंत, रोज सकाळी आम्ही दोघं गोदामात जायचो. टेपचं एक टोक मी धरायचो, दुसरं ते धरायचे, आणि नाखवा मी आकडा सांगेपर्यंत थांबून राहायचा. मी मोठ्याने सांगायचो. चाचा खाली मान घालून ऐकायचे. एकदाही फरक निघाला नाही.